उजवीकडची रेघ

माहेरी मार्गासनीला आमच्या म्हशी होत्या, सासरी भोरमध्ये कोणी काही पाळत नव्हतं, आणि मी नोकरीभर पेशी पाळल्या. माणसाच्या कातडीच्या पेशी. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की समोरच्याच्या चेहऱ्यावर आता काय उमटणार ते मला आधीच कळतं. बायका जरा मागे सरकतात. पुरुष विचारतात, 'आणि दूध?' दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर तसं काही विचारलं नाही, एवढ्यावरच मी लिहायला होकार दिला.

भोरच्या बाहेर, कापूरहोळच्या रस्त्याला, बंद पडलेल्या एका पोल्ट्रीच्या इमारतीत आमची लॅब होती. आमचे सर पुण्यात मोठ्या जागेवरून निवृत्त होऊन गावी परतले होते आणि निवृत्ती त्यांना मानवली नव्हती. हिरड्याची मलमं, केसांची तेलं, दुखण्यावरचे लेप असं काय काय बनवणारी माणसं आपला माल आमच्याकडे आणत. तो कातडीच्या पेशींना सोसतो की नाही, हे आम्ही सांगायचो. पाटी लावलेली असूनही सुरुवातीला लोक कोंबडीची पिल्लं मागायला यायचे. आत इन्क्युबेटर आहे, असं कळल्यावर तर जास्तच यायला लागले. आम्ही अंडी उबवत नाही, पेशी उबेत ठेवतो, हे सर त्यांना मन लावून समजावून सांगत. लोक तितक्याच मन लावून ऐकत आणि शेवटी विचारत, मग पिल्लं साधारण कधी मिळतील.

पेशी पाळणं हे फार कौतुकाचं काम नाही. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, हवा मोजून लागते आणि एक दिवसाआड ताजं खाणं लागतं. खाणं म्हणजे गुलाबी रंगाचं पाणी. ते पिवळं पडायला लागलं की आपल्याला उशीर झाला असं समजायचं. पेशींना सण कळत नाहीत. लक्ष्मीपूजनाची मांडामांड करून, हात पुसत, मी खाणं बदलायला लॅबवर गेलेली आहे. म्हैस भुकेली असली तर हंबरून घर डोक्यावर घेते. पेशी काही न बोलता मरतात, आणि आपल्याला ते दुसऱ्या दिवशी कळतं.

पूर्वी त्या जिवंत आहेत की नाहीत हे बघायची पद्धत अशी होती की त्यांच्यावर रसायन आणि रंग घालायचा आणि मग मोजायचं. मोजून होईपर्यंत त्या मेलेल्याच असायच्या. हे मला कधी पटलं नाही, पण पगार चालू होता. मग सरांनी तो डबा आणला.

डबा म्हणजे इन्क्युबेटरच्या आत बसणारं, वहीएवढं यंत्र. त्यात आठ बारक्या वाट्यांची एक पट्टी बसते आणि प्रत्येक वाटीच्या तळाला सोन्याचा थर असतो. वापरलेल्या पट्ट्या विकता का, अशी भोरमधल्या एका सोनाराने चौकशी केली होती. सगळ्या पट्ट्यांचं सोनं खरवडलं तरी एक मणी होणार नाही, हे कळल्यावर त्याचा विज्ञानातला रस संपला. त्या सोन्यातून वीज सोडतात, इतकी बारीक की पेशीला पत्ता लागत नाही. पेशी सोन्यावर बसली, पसरली, की विजेची वाट अडते. किती अडली ते डबा मोजतो आणि बाहेरच्या कॉम्प्युटरवर त्याची रेघ काढत राहतो. इंग्रजीत त्याला इंपिडन्स म्हणतात. आम्ही आपसात अडवणूक म्हणायचो.

येणाऱ्याला मी हे असं सांगायची: पावसाळ्यात वेल्ह्याच्या रस्त्यावर गुरं येऊन बसतात, कारण शेतात चिखल आणि डांबर कोरडं. दोन गुरं बसली तर एसटी वळसा घालून जाते. कळप बसला की एसटी उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, गुरं रवंथ करतात. आता एसटी म्हणजे वीज आणि गुरं म्हणजे पेशी. जेवढी गुरं बसतील तेवढी अडवणूक, तेवढी रेघ वर. गुरं उठली की रस्ता मोकळा आणि रेघ खाली. सरांना हे उदाहरण थोडं खालच्या दर्जाचं वाटायचं, पण पुण्याहून पाहुणे आले की तेही तेच सांगायचे.

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगत नसे. जिवंत पेशी बसल्या जागी सारखी चुळबुळ करतात, त्यामुळे त्यांची रेघ सरळ नसते, बारीकशी थरथरते. मेल्या की रेघ गुळगुळीत होते. काम नसलं की मी ती थरथर बघत बसायची. मला त्याचा खरोखर आनंद व्हायचा.

डब्यापासून काही लपत नाही, हे आम्हाला लवकरच कळलं. सगळ्या रेघा रोज दुपारी एकदा खाली यायच्या आणि मग हळूहळू पुन्हा चढायच्या. सरांनी वीज मंडळाला पत्र लिहिलं. तंत्रज्ञ बोलावला. इन्क्युबेटरचं दार विनाकारण उघडू नये, आत गार हवा जाते, अशी नोटीस मराठीत आणि इंग्रजीत लावली. रेघ रोज खाली यायचीच. शेवटी मी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्येच थांबले. सर आले, इकडेतिकडे पाहिलं, इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि खालच्या कप्प्यातून आपला जेवणाचा डबा काढला. त्यांना पित्ताचा त्रास होता आणि भाजी कोमट लागायची. मी होते हे पाहून ते म्हणाले, 'नोटीस वाचलीत ना?' मी वाचली म्हटलं. त्या दिवसापासून ते घरी जेवायला जाऊ लागले.

रेघ वर गेली म्हणजे सगळं चांगलं, असंही नसतं. गुडघेदुखीवर मलम बनवणारे एक गृहस्थ यायचे. त्यांना आम्ही मलमवाले म्हणू. त्यांचं मलम वाटीत घातलं आणि रेघ जी वर चढली, ती थांबेचना. मलमवाल्यांनी पेढे वाटले. मी दुसऱ्या वाटीत पेशी न घालता नुसतंच मलम घालून पाहिलं, तर तिथंही रेघ तितकीच वर. मलमातलं मेण सोन्यावर बसून विजेची वाट अडवत होतं. गुरं नव्हतीच, रस्त्यावर कोणी तरी ढिगारा टाकला होता. मलमवाल्यांचं म्हणणं पडलं की रेघ वर गेली हे तर खरं आहे ना, मग तेवढंच लिहून द्या. सरांनी दिलं नाही. पेढे मात्र संपले होते.

आता धोंडूमामांचं सांगते. हे सगळं लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठीच.

धोंडूमामा ढेबे हे धनगर. विंझरच्या पुढे, वेल्ह्याच्या अलीकडे, डोंगरावर त्यांची वस्ती. लहानपणी आमच्या मार्गासनीच्या शेतात उन्हाळ्यात त्यांची शेरडं बसायची, खतासाठी. माझ्या आईला ते बहीण मानत, म्हणून मामा. लग्न होऊन मी भोरला आले तरी आठवडी बाजाराला आले की ते तुपाचा डबा देऊन जात आणि मागच्या वेळचा रिकामा डबा घेऊन जात. एका बाजाराला ते घरी न येता थेट लॅबवर आले. तुपाच्या डब्याबरोबर दुसरा एक स्टीलचा डबा होता.

"पोरी, तुज्या हितं जखमंचं औषद बगत्यात म्हनं."

"बघतात. कुणाला झालीय जखम?"

"तुज्या मामीला. पायाला दगुड लागला. दोन बोटं काळी पडली. साकर हाय म्हनं तिला. भोरचा डाक्टर म्हनतो, पुण्याला न्या, बोटं काढाय लागत्याल. न्हाई काढली तर पुडं पाय जाईल."

"मग न्यायलाच हवं, मामा."

त्यांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. आत वाटलेला हिरवा पाला होता. "ह्यो लावतुय. शेरडाच्या जखमंत किडं पडलं की ह्योच लावतो. किडं मरत्यात, जखम भरती. एक शेरडू गेलं न्हाई आजवर. तुमचा डबा काय म्हनतुय ते बगू. व्हय म्हनला तर पाला लावत ऱ्हानार. न्हाई म्हनला तर न्हेतो पुण्याला. माजं ठरलंय."

"पाला कशाचा आहे?"

"नाव सांगितलं की गुन जातो."

"आणि मामी काय म्हणते?"

"ती काय म्हननार," मामा म्हणाले.

सरांचे डोळे चमकले. नाव नसलेलं औषध त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. पाला गाळून घेतला, पातळ केला. नोंदीसाठी नाव हवं म्हणून त्याला 'धों' म्हटलं. डब्याला आणखी एक कला येत होती. सोन्याच्या ठिपक्यावर क्षणभर जोराची वीज सोडली की तेवढ्या जागेतल्या पेशी मरतात. ती जखम. मग शेजारच्या पेशी सरकत सरकत त्या रिकाम्या जागेत येतात आणि रेघ पुन्हा चढते. ती जखम भरली. सरांनी ठरवलं की दोन वाट्यांत जखम करायची. एकीत नुसतं खाणं, दुसरीत खाणं आणि पाला. बघायचं कुठली भरते.

"आदी जखम करायची, मंग बगायचं," मामा म्हणाले. "बरं हाय तुमचं."

मी त्यांना एसटी आणि गुरांचं उदाहरण सांगितलं. ते त्यांना लगेच कळलं. त्यांच्याच गुरांमुळे वेल्ह्याची गाडी कितीदा अडली होती आणि कुठल्या ड्रायव्हरने काय शिव्या दिल्या, हे त्यांनी मला सांगितलं. त्या दिवशी ते बाजारात ओळखीच्यांकडे राहिले.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा आम्ही कॉम्प्युटरवर दोन चौकोन शेजारी शेजारी लावून ठेवले होते. डावीकडे नुसतं खाणं. उजवीकडे पाला. मामांनी वहाणा बाहेर काढल्या. त्या सगळ्यांनाच काढाव्या लागत. मुंडासं नीट केलं आणि कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. डावीकडची रेघ जखमेनंतर पुन्हा वर चढून थरथरत होती. उजवीकडची घसरत जाऊन तळाला टेकली होती, गुळगुळीत. आमच्या पेशी मेल्या होत्या. किडा असो की पेशी, पाल्याला त्यात काही फरक वाटत नव्हता.

सर खाकरून म्हणाले, "निष्कर्ष अगदी स्पष्ट आहे. डावीकडचा आलेख वर राहिला. उजवीकडचा पूर्ण पडला."

"उजवा पडला," मामा म्हणाले. "डावा ऱ्हायला."

"हो. काही शंका?"

"न्हाई. उजवा पडला, आनि काय इचारायचं."

मला वाटलं, त्यांना धक्का बसला असेल. मी म्हटलं, "गुरं उठली, मामा. सगळी."

"मंजी रस्ता मोकळा."

"अगदी मोकळा."

त्यांनी कॉम्प्युटरला हात जोडले, मग सरांना, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता काळजी न्हाई," म्हणाले. मला वाटलं, पुण्याला न्यायचं एकदाचं ठरलं, म्हणून मन हलकं झालं. ते गेल्यावर सर बराच वेळ खूश होते. पुण्याची शिकलेली माणसं निकालावर वाद घालतात, या माणसाने एका नजरेत मान्य केलं, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

पुढचे काही दिवस मी मामी पुण्यात कुठल्या दवाखान्यात असेल याचा विचार करत होते. मामांचा मोबाईल लागत नव्हता. तो वस्तीवर लागतच नाही, एका ठरावीक खडकावर चढलं तरच लागतो. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग रविवारी मी माहेरी गेले. भावाला शेतात बोअर घ्यायची होती आणि ती विहिरीच्या वरच्या अंगाला घ्यावी की कशी, हे त्याने देवीला विचारायचं ठरवलं होतं. आमच्याकडे देवीला कौल लावतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवीच्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी चिकटवतो. मग मागणं घालतो, म्हणजे काय विचारायचं आहे ते देवीपुढे मोठ्याने बोलतो. मग सगळे जण वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर नकार.

गुरवाने मागणं घातलं. "आई, वरच्या अंगाला पानी लागनार आसंल तर उजवा दे. लागनार नसंल तर डावा दे." आम्ही बसलो. बराच वेळ दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. मग उजवी सुटली आणि खाली पडली. डावी तशीच राहिली. "पडला उजवा," गुरव म्हणाला. भावाने सुस्कारा सोडला, हात जोडले.

माझे हात जोडलेलेच राहिले. मामा कॉम्प्युटरसमोर असेच उभे होते. वहाणा काढून, असेच हात जोडून. उजवा पडला, डावा राहिला, आणि काय विचारायचं. वर मी रस्ता मोकळा आहे असंही सांगितलं होतं.

मी भावाला म्हटलं, "गाडी काढ."

"प्रसाद तरी घे."

"गाडी काढ," मी म्हटलं.

विंझर मागे पडलं. चढ लागला तिथे भावाने मोटारसायकल एका घरापुढे लावली आणि आम्ही पायी निघालो. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे तुमच्या यंत्रात उलटं असतं?" मी पाय उचलून चालायला लागले.

भागूमामी पडवीत घोंगडीवर पाय लांब करून बसली होती. पावलाला हिरवा लेप होता आणि लेपाच्या वरपर्यंत पाय सुजून काळपट झाला होता. वास येत होता. मामांनी आम्हाला बसायला पोतं टाकलं, चहा टाकायला सुनेला सांगितलं. मला पाहून त्यांना आनंद झाला होता. तो आनंद पाहून मला बोलणं अवघड झालं.

"मामा, तुम्ही पाला लावताय."

"लावतोय की. उजवा पडला न्हवं."

"तो तसा नसतो. आमच्यात पडलं की वाईट. पाल्यानं सगळ्या पेशी मारल्या. नवी कातडी येते तिलाच मारतोय तो. डबा नाही म्हणाला होता."

मामांनी लेपाची कड बोटाने चाचपली. "तुज्या सायबानं सोता सांगितलं, उजवा पडला. तू म्हनलीस, रस्ता मोकळा. दिल्याला कौल मागारी घेत्यात व्हय कुटं?"

मी पुन्हा सांगितलं. पेशी, सोनं, रेघ. जे मी इतकी वर्षं लोकांना समजावत आले होते, ते सगळं सांगितलं, आणि त्यातला एकेक शब्द मला निरुपयोगी वाटत होता. मामा वेडे नव्हते. त्यांनी एक प्रश्न विचारला होता, उत्तर डोळ्यांनी पाहिलं होतं आणि दिल्या शब्दाप्रमाणे ते वागत होते. आता एक बाई येऊन सांगत होती की ते उत्तर उलट वाचायचं.

मामी सावरून बसली. तिने विचारलं, "मागनं कुनी घातलं व्हतं?"

"आं?" मामा म्हणाले.

"त्या डब्यापुडं. उजवा पडला तर काय, डावा पडला तर काय, ह्ये कुनी बोललं व्हतं का आदी? तुमी?"

"न्हाई. सायबानं घातलं आसंल."

मामीने माझ्याकडे पाहिलं.

"नाही घातलं कुणी," मी म्हटलं.

"मंग त्यो कौल न्हवं. वाऱ्यानं पडल्याली पाकळी ती." तिने घोंगडी सारखी केली. "आनि पाय कुनाचा हाय?"

मामांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"डाक्टरला तुमी इचारलं. डब्याला तुमी इचारलं. मला कुनी इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर म्या सांगितलं आसतं, पाला लावला की आग व्हती, भाजल्यावानी. आता म्या घालते मागनं." तिने हात जोडले नाहीत, की कुठल्या देवाकडे पाहिलं नाही. ती नवऱ्याकडे बघून बोलली. "पाय ऱ्हायला तर ऱ्हायला, गेला तर गेला. म्या ऱ्हायली पायजे. मला न्ह्या."

मामा उठले. चहा तसाच राहिला. वस्तीवरच्या माणसांनी काठीला घोंगडी बांधून झोळी केली आणि मामीला खाली रस्त्यापर्यंत आणलं. तिथून दुधाच्या टेम्पोतून पुण्याला.

दवाखान्यात अर्धं पाऊल काढावं लागलं. तेव्हाच आणलं असतं तर दोन बोटांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मामा तेव्हा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. त्यावर ते मला तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही नाही. फक्त तूप यायचं थांबलं. त्यांचा शेवटचा रिकामा डबा अजून माझ्या फडताळात आहे. मी तो दुसऱ्या कशाला वापरत नाही आणि परत न्यायला ते आलेले नाहीत. याचं मला वाईट वाटतं, आणि लिहून ते कमी होईल असंही नाही.

सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकून बसले. नंतर म्हणाले, "त्या बाई बरोबर बोलल्या. निकाल बघायच्या आधी अर्थ ठरायला हवा. हे मी लोकांना आयुष्यभर शिकवलं." दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे नवीन रीत सुरू झाली. गिऱ्हाईक आलं की डबा सुरू करायच्या आधी त्याला डब्यासमोर उभं करायचं आणि मी मोठ्याने सांगायचं: रेघ वर राहिली, थरथरत राहिली, तर तुमचा माल चांगला. पडली तर वाईट. कबूल आहे का? त्याने तोंडाने कबूल म्हणायचं, मगच बटण दाबायचं. सरांनी याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. आम्ही मागणं म्हणायचो.

बहुतेक जण लगेच कबूल म्हणत. मलमवाले तेवढे अडून बसले. त्यांनी मेण काढून मलम नव्याने बनवलं होतं. ते म्हणाले, "आधीच कशाला ठरवायचं? आधी बघू तर रेघ कुठं जाते. मग ठरवू." सरांनी त्यांना मलमासकट परत पाठवलं. जाताना ते मला म्हणाले की तुमची लॅब पूर्वी जास्त शास्त्रीय होती.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी, एका बाजाराच्या दिवशी, भागूमामी लॅबवर आली. पायात तिच्या मापाचा जाड बूट होता, हातात काठी. मामा बाहेर जांभळाखाली बसून राहिले. मी बोलावलं, तर त्यांनी तिथूनच हाताने नको म्हटलं. मामी आत आली. "त्यो डबा दाव," म्हणाली.

मी दाखवला. तिला तो फारच लहान वाटला. मग मी तिला भिंगाखाली पेशी दाखवल्या. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. कॉम्प्युटरवरची रेघही पाहिली.

"ही हालती का?"

"जिवंत आहेत ना. मेल्या की हलायची थांबते."

"कुनाच्या हायेत ह्या?"

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला सगळं विचारलं होतं. पिल्लं विचारली, दूध विचारलं, सोनं विचारलं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "लांबच्या देशातल्या एका माणसाच्या, मामी. त्याच्या कातडीचा तुकडा काढला होता. तो माणूस आता असेल की नाही कोण जाणे. पेशी वाढत राहिल्या, एकाने दुसऱ्याला दिल्या, तशा इथवर आल्या."

"त्याला इचारलं व्हतं का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

मामी काठी टेकत दाराशी गेली. दारात थांबून म्हणाली, "मंग त्यास्नी सांग. ढेब्यांची भागू इचारत व्हती म्हून."

ती आणि मामा गेले. त्या दिवशी खाणं बदलायचंच होतं. मी इन्क्युबेटरचं दार उघडलं, वाट्यांतलं पाणी काढलं, ताजं घातलं. कोणी ऐकत नाही हे बघितलं आणि त्यांना सांगितलं, ढेब्यांची भागूबाई विचारत होती. मग दार लावून कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. गार हवा आत गेल्यामुळे रेघ नेहमीप्रमाणे थोडी खाली आली होती. मी वाट बघितली. ती पुन्हा वर चढली आणि थरथरायला लागली.